नाकावरचा मास्क गळ्यावर घ्या

पत्र: "माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय ६६. पक्षाघातानंतर बारा दिवस व्हेंटिलेटरवर होते, मग गळ्याला भोक पाडून नळी बसवली. त्याला आज तेवीस दिवस झाले, घरी आणून सहा. ८ नंबरची, फुगा असलेली एकेरी नळी आहे. फुगा भरलेला असतो. श्वास त्यांचा ते घेतात. रात्री कॉन्सन्ट्रेटरचा २ लिटर ऑक्सिजन नाकाला लावतो, नेब्युलायझर दिवसातून दोनदा तोंडाला मास्क लावून देतो. तरी बेडका डिंकासारखा चिकट येतो आणि सक्शनच्या नळीत रक्ताचे धागे दिसतात. परवा रात्री दोनला घुसमटले, शेजारीच झोपलेल्या आईला पत्ताही लागला नाही. दाजी म्हणतात व्हेंटिलेटर भाड्याने आणा. आत्या म्हणते नळीत रोज सलाईन सोडा आणि नाकातल्या नळीतून पांढरा रस्सा द्या, अंगात ताकद येईल. आई साठीची, सारखी घाबरते. शिवाय पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?" – एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर

तुमच्या पत्रातले दोन शब्द आम्ही परत परत वाचले: 'नाकाला' आणि 'तोंडाला'. तुम्ही विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

आण्णांचा श्वास आता नाकातोंडातून चालतच नाही. नळी घशाच्या खाली, श्वासनलिकेत बसलेली आहे आणि तिच्याभोवतीचा फुगा भरलेला आहे. म्हणजे वरचा रस्ता बंद. नाकाला लावलेला २ लिटर ऑक्सिजन रात्रभर खोलीत जातो. तोंडावर धरलेल्या नेब्युलायझरची वाफ गालाला आणि जिभेला लागते, छातीत थेंबभरही उतरत नाही. दोन्ही गळ्यावर आणा. त्यासाठी ट्रॅक मास्क मिळतो, छोट्या वाटीसारखा, पट्टी मानेमागे जाते. सर्जिकलच्या दुकानात 'ट्रॅकिऑस्टॉमी मास्क' म्हणा. नेब्युलायझरची वाटी त्याला जोडता येते, ऑक्सिजनची नळीही.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. सहा रात्री आण्णांना ऑक्सिजन मिळालेलाच नाही. तरीही झोपेत ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असेल, तर त्यांना रात्रीचा ऑक्सिजन लागतो का, हेच पुन्हा तपासायला हवं. तो आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

आता डिंकासारखा बेडका. (शब्दाचा घोळ आधी मिटवू. नळीच्या फुग्याला दवाखान्यात 'कफ' म्हणतात आणि आपण छातीतल्या चिकट्यालाही कफच म्हणतो. 'कफ काढा' असा निरोप फोनवरून आला की कुणी सक्शन करतं, म्हणजे मशिनने बेडका ओढतं, कुणी फुग्यातली हवा सोडतं. घरात 'फुगा' आणि 'बेडका' असे दोनच शब्द ठरवून टाका.) नाकाचं काम नुसतं हवा घेण्याचं नाही. बाहेरची कोरडी, धुळीची हवा ते गाळतं, कोमट करतं आणि ओली करतं. फुप्फुसापाशी पोचेपर्यंत ती ३७ अंशांची आणि वाफेने भरलेली असते. नळीने हे सगळं टाळलं. कोरडी हवा थेट आत जाते, बेडका वाळतो, नळीच्या आतल्या भिंतीला खपली धरते. चहाच्या भांड्याला साय चिकटून वाळते तशी. एक दिवस ती खपली सुटते आणि नळीतच अडकते. घरी आणलेल्या पेशंटचा जीव जाण्याचं सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण हे आहे. जंतुसंसर्गाची भीती सगळ्यांना असते, खपलीची कुणाला नसते.

म्हणून नाकाचं काम आता तुम्ही करायचं. नळीच्या तोंडाला एचएमई बसवा. ही बुचासारखी वस्तू, तिला 'स्वीडिश नोज' असंही म्हणतात. बाहेर पडणाऱ्या श्वासातली वाफ ती धरून ठेवते आणि पुढच्या श्वासाला परत देते. तिच्या बाजूला ऑक्सिजन जोडायची तोटी असलेला प्रकार मागा, कमी प्रमाणातला ऑक्सिजन तिथून देता येतो. दर २४ तासांनी नवीन. बेडक्याने भिजली तर लगेच बदला. धुऊन, वाळवून परत वापरायची नाही. नेब्युलायझर लावताना काढून ठेवा, नाहीतर वाफ तिच्यातच जिरते.

बेडका सध्या फारच चिकट आहे, तेव्हा पहिले काही दिवस एवढ्यावर भागणार नाही. साधं ०.९ टक्के सलाईन ३ ते ५ मिली, नेब्युलायझरने, ट्रॅक मास्कमधून, दर चार ते सहा तासांनी द्यायचं का ते डॉक्टरांना विचारून सुरू करा. घरी मीठ विरघळवून सलाईन करू नका. कॉन्सन्ट्रेटरच्या बुडबुड्यांच्या बाटलीवर विसंबू नका, तेवढा ओलावा गळ्याच्या पेशंटला पुरत नाही. डोक्यावरचा पंखा फुल सोडलेला असेल तर कमी करा. अंगात पाणी कमी पडलं तरी बेडका घट्ट होतो, म्हणून दिवसभरात नाकाच्या नळीतून एकूण किती पाणी द्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आत्याबाईंचं सलाईन नळीत सोडणं नको. पाच मिली पाणी ओतल्याने बेडका पातळ होत नाही. दोन्ही नीट मिसळत नाहीत, ठसका लागतो, ऑक्सिजन घसरतो आणि नळीच्या भिंतीवरची घाण खाली फुप्फुसात ढकलली जाते. पूर्वी वॉर्डात हे सर्रास चालायचं, म्हणून लोकांच्या डोक्यात बसलंय.

रक्ताच्या धाग्यांचं कारण बहुधा तुमच्या मशिनच्या गोल बटणात आहे. सक्शन मशिनला दाब कमीजास्त करायचं बटण असतं आणि शेजारी काटा. पाइपचं टोक अंगठ्याने पूर्ण बंद करा आणि काटा कुठे जातो ते बघा. मोठ्या माणसाला ८० ते १२० मिलिमीटर पारा पुरतो, १५० च्या वर कधीही नाही. बऱ्याच मशिनवर आकडे मेगापास्कलमध्ये असतात, तिथं ०.०२ म्हणजे १५०. दुकानातून आलेलं मशिन पुष्कळदा बटण पूर्ण पिळलेल्या अवस्थेत असतं, आणि घरी 'जोर जास्त तेवढं बरं' म्हणून कुणी ते सोडवत नाही. त्या जोराने श्वासनलिकेचं नाजूक अस्तर कॅथेटरच्या, म्हणजे आत घालायच्या बारीक नळीच्या, भोकात ओढलं जातं आणि सोलवटतं. हेच दुसरीकडून: अंगठा लावून पाहिल्यावर काटा हललाच नाही, तर बाटलीचं झाकण नीट बसलेलं नाही, पाइप चिरलाय किंवा फिल्टर भिजलाय. बाटली दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. काठोकाठ भरू दिली तर आतला तरंगता गोळा वर येऊन ओढ बंद करतो, आणि तेही नेमकं रात्रीचं.

८ नंबरच्या नळीला १२ नंबरचा कॅथेटर, पांढऱ्या टोकाचा. हिशेब सोपा आहे: नळीच्या नंबरातून २ वजा करा आणि दुप्पट करा. त्याहून जाड घातला तर हवेला वाट उरत नाही. किती आत घालायचा ते अंदाजाने नाही. राखीव ठेवलेल्या जास्तीच्या गळ्याच्या नळीत कॅथेटर घालून बघा, टोक एक सेंटीमीटर बाहेर दिसलं की वरच्या बाजूला कॅथेटर चिमटीत धरा. तेवढंच माप. 'अडेपर्यंत घालायचा' असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. अडतो तो श्वासनलिका जिथं दुभंगते तिथं, आणि रोज टोचून तिथंच जखम होते. आण्णांचा ठसका कमजोर असेल आणि एवढ्या मापात बेडका निघत नसेल, तर खोल कसा घ्यायचा ते नर्सकडून समोर बघून घ्या.

हात साबणाने धुवा, हातमोजा घाला. कॅथेटर आत नेताना बाजूचं अंगठ्याचं भोक उघडं ठेवा. बाहेर ओढताना ते दाबा, ओढत ओढत काढा. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दहा सेकंद, पंधराच्या वर नाही. आईंना सेकंद मोजायला सांगू नका, त्या गडबडतील. 'आण्णांचं सक्शन करताना स्वतःचा श्वास रोखून धरा, तुम्हाला श्वास हवासा वाटला की त्यांनाही हवाय' एवढंच सांगा. मध्ये अर्धा-एक मिनिट दम खाऊ द्या. एका बैठकीत तीनदा पुरे. तोंडातली लाळ काढलेला कॅथेटर परत गळ्यात नाही, कितीही धुतला तरी.

सक्शन घड्याळाने करू नये. घरघर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी बुडबुडे दिसले, ते अस्वस्थ झाले, श्वासाची गती वाढली, तर करा. मात्र सगळं शांत असलं तरी आठ तासांत एकदा तरी कॅथेटर आत घालून नळी मोकळी आहे ना, हे बघायचंच.

गुलाबी धागे दाब कमी केल्यावर आणि ओलावा वाढवल्यावर एक-दोन दिवसांत थांबायला हवेत. पण लाल ताजं रक्त चमचाभर जरी आलं, आपोआप थांबलं तरी, त्याच क्षणी १०८. नळी बसवल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिची घासण क्वचित शेजारच्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत पोचते. मोठा रक्तस्राव होण्याआधी असा छोटा इशारा मिळू शकतो. 'थांबलंय, सकाळी बघू' असं करू नका. आणि त्या वेळी फुग्यातली हवा सोडू नका.

परवा रात्री आईंना पत्ता का लागला नाही? कारण आण्णांना आवाजच नाही. हवा स्वरयंत्रापर्यंत जात नाही, तेव्हा ओरडणं नाही आणि कण्हणंही नाही. माणूस मुकाट घुसमटतो. त्यांच्या धड हाताशी घंटा बांधा. देवघरातली पितळी चालेल, सायकलची त्याहून बरी, ती पडत नाही. ऑक्सिमीटर बोटाला असू द्या, पण नळी तुंबायला लागली की आकडा उशिरा घसरतो, ऑक्सिजन चालू असला तर आणखी उशिरा. आधी दिसतं ते असं: मानेच्या खळग्या आणि बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, कपाळाला घाम, डोळ्यांत भीती.

असं झालं तर पहिलं काम, एचएमई उपटून काढा. कित्येकदा तुंबलेली तीच असते. मग कॅथेटर घाला. सरळ गेला तर सक्शन करा. मान वाकडी असेल तर सरळ करून परत घाला. तरी आत जात नसेल, तर नळी बंद आहे. दुसऱ्याने १०८ लावायचा, तुम्ही १० मिलीच्या सिरिंजने फुग्यातली हवा पूर्ण ओढून घ्यायची. फुगा बसला की नळीच्या बाजूने, नाकातोंडाकडून थोडी वाट होते. म्हणून आता, आणि फक्त आता, ऑक्सिजन तोंडावर आणि गळ्यावर दोन्हीकडे. बंद नळीला अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावून जोर करू नका, खपली आणखी घट्ट बसते. एवढं करूनही श्वास मोकळा होत नसेल, तर नळी काढून टाका. बंद नळी गळ्यात असणं हे नळी नसण्यापेक्षा वाईट. तेवीस दिवसांत भोकाची वाट बऱ्यापैकी तयार झालेली असते, ते एकदम मिटत नाही. शिकलेला माणूस असेल तर जेली लावलेली जास्तीची नळी घालायची. ८ गेली नाही तर ७. जोर करायचा नाही, चुकून बाजूच्या मांसात वाट पडते. तीही जात नसेल आणि श्वास थांबला असेल, तर गळ्यावरचं भोक गॉजने दाबून अंबूचा मास्क नाकातोंडावर लावून श्वास द्यायचा, पाच-सहा सेकंदांनी एक दाब, छाती उचलेल इतकाच. नाडी लागत नसेल तर छाती दाबायला सुरुवात.

वरचा रस्ता मोकळा असेल तरच हे शेवटचं चालतं. आण्णांना नळी पक्षाघातामुळे लागली आहे, तेव्हा तो बहुतेक मोकळा असेल. डॉक्टरांना विचारून एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: नळीचा नंबर, बसवल्याची तारीख, वरचा रस्ता मोकळा की बंद. पुठ्ठा उशाशी टांगा. ज्यांचं स्वरयंत्रच काढलेलं असतं, त्यांना तोंडातून श्वास देऊन काही उपयोग नसतो, आणि १०८ वर आलेल्या माणसाला ते बघून कळत नाही.

नळी तुंबल्यावर करायचं हे सगळं नुसतं वाचून करायचं काम नाही, हातानं करून बघायचं आहे. त्याची संधी तुमच्याकडे आहे: अशी प्लास्टिकची नळी साधारण महिन्याच्या आत बदलतात, तुमची तारीख आठवड्यावर आली. पहिला बदल दवाखान्यातच. नळी बसवलेल्या डॉक्टरांकडे किंवा सीपीआर रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात वेळ घ्या, आईंना सोबत न्या आणि 'आमच्याकडून एकदा करून घ्या' असं स्पष्ट म्हणा. त्याच वेळी एकेरीऐवजी आतली नळी निघणारी दुहेरी नळी मागा. तुंबली तर आतली काढायची, मोकळं झालं, एवढं सोपं. आतला व्यास कमी होतो, म्हणून कॅथेटरचा नंबरही तेव्हा नव्याने विचारा. कुणी धातूची नळी सुचवली तर एक लक्षात ठेवा, तिला अंबू बॅग जोडता येत नाही.

फुग्याबद्दलही तिथंच विचारा. आण्णा व्हेंटिलेटरवर नाहीत, मग तो दिवसभर भरलेला का? गिळण्याची तपासणी ठीक आली तर डॉक्टर तो रिकामा ठेवायला सांगतात. भरायचाच असेल तर दाब २० ते ३० सेंटीमीटर पाणी, मोजायच्या यंत्राने. बाहेरचा छोटा फुगा बोटांनी दाबून 'टाइट झाला' म्हणण्याला अर्थ नाही. जास्त भरला तर श्वासनलिकेच्या भिंतीचं रक्त अडतं, कमी भरला तर लाळ खाली झिरपते. हवा सोडण्याआधी घशातली लाळ ओढून घ्यायची, फुग्यावर साचलेलं सगळं एकदम खाली उतरतं. आणि पुढे कधी बोलण्याचा व्हॉल्व्ह लावला, तर फुगा रिकामा असल्याशिवाय कधीही नाही. श्वास आत जाईल, बाहेर येणार नाही.

व्हेंटिलेटर नको. दाजींचा हेतू चांगला आहे, पण जो माणूस स्वतः श्वास घेतो आणि ज्याची नळी वाळलेल्या बेडक्याने तुंबते, त्याला यंत्राने हवा रेटून काय होणार? तोच पैसा एचएमई, पुरेसे कॅथेटर, ८ आणि ७ नंबरची एकेक जास्तीची नळी आणि अंबू बॅग यात घाला. ही जास्तीची नळी, जेली, सिरिंज, कात्री, टॉर्च एका पिशवीत, पिशवी पलंगाला. आण्णा दवाखान्यात गेले की पिशवीही गेली पाहिजे.

पांढऱ्या रस्स्याला मात्र आत्याबाईंची समजूत काढावी लागेल. खसखस, काजू आणि नारळाच्या दुधाचं वाटण नाकाच्या बारीक नळीत अडकून बसतं, आणि जास्तीचं मीठ पक्षाघाताच्या पेशंटला नकोच. दूध कट्ट्यावरचं समोर काढलेलं धारोष्ण दूधही नको, ते कच्चं असतं. ताकद हवी तर प्रथिनांचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून घ्या. सक्शन करायचं ते भरवण्याआधी, डोकं ३० ते ४५ अंश वर, नाकाशी नळीची खूण हललेली नाही ना ते बघून सावकाश, नंतर तासभर तसंच. सक्शनमध्ये दूध किंवा पेज दिसली तर भरवणं थांबवून डॉक्टरांना फोन. देवघरातली उदबत्ती-कापूर दुसऱ्या खोलीत. हंगामात शेतात पाचट पेटलं की खिडक्या बंद, त्यांच्या फुप्फुसाला आता नाकाची चाळण नाही.

गळ्याची पट्टी बदलताना माणसं दोन हवीत: एक नळी धरतो, दुसरा पट्टी बांधतो. पट्टीखाली एक बोट जावं, दोन नाही. भोकाभोवती साधा गॉज कापून घालू नका, सुटलेले धागे श्वासाबरोबर आत जातात. कापूनच येणारा मिळतो. पावडर अजिबात नाही.

आता पाऊस. वीज गेली तर ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो, इन्व्हर्टरच्या १५० अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीवर तीन-साडेतीन तास धरा. बी टाइप सिलिंडरमध्ये १५०० लिटर, म्हणजे मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. पाना सिलिंडरलाच सुतळीने बांधा. पायाने चालणारं सक्शन मशिन एक घेऊन ठेवा, ते विजेवर चालत नाही हाच त्याचा गुण. आणि तुम्ही बावड्याचे, राजाराम बंधाऱ्याचे पुराच्या पातळीचे आकडे तुम्हाला पाठ असतील: ३९ फूट इशारा, ४३ धोका. इतर लोक ४३ ची वाट बघतात. तुम्ही ३९ लाच आण्णांना उंचावरच्या नातेवाइकांकडे, नदी ओलांडावी न लागता दवाखाना गाठता येईल अशा ठिकाणी हलवा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीपाशी हायवेच बंद होता.

आईंचं काय? त्यांना सगळं शिकवू नका. एचएमई काढणं, सक्शन आणि १०८, या तीनच गोष्टी, रोज संध्याकाळी एकदा, आठवडाभर. नळी बदलण्याचं तुम्ही आणि आणखी एकाने शिका. रात्रीची पाळी आठवड्यातून दोनदा तरी तुम्ही किंवा दाजींनी घ्यावी. जागरणाने पेंगुळलेल्या माणसाला घंटाही ऐकू येत नाही. आज मात्र दुकान बंद व्हायच्या आत ट्रॅक मास्क आणा.